कँटन फेअरला निघालात? फोनची तयारी घरीच करा

ग्वांगझूच्या कँटन फेअरला निघालेल्या उद्योजक मित्रांनो, चीनमध्ये हॉटेलच्या साध्या वायफायवर व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल मॅप्स उघडत नाहीत. स्थानिक सिमवरही तेच. पण भारतीय सिमवर रोमिंग घेतलंत तर ही ॲप्स सहसा चालतात! कारण रोमिंगचा डेटा सहसा आपल्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो. बऱ्याच ट्रॅव्हल ई-सिमचंही असंच. फक्त क्यूआर कोड स्कॅन करून ते निघण्याआधीच टाकून घ्या. भारतीय सिम मात्र चालू ठेवा हं, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

आणि वीचॅट हे चिनी मेसेजिंग ॲप! स्टॉलवर सप्लायर व्हिजिटिंग कार्डाआधी वीचॅटचा क्यूआर पुढे करतो. नवं खातं उघडताना अनेकदा जुन्या वापरकर्त्याकडून खातरजमा मागतात, शिवाय भारतात वीचॅटवर २०२० पासून बंदी आहे, म्हणून ते घरूनच उघडता येईल असं धरून चालू नका.