मातीनं प्यायलं, पण पचवलं का?

कापेल आन डेन आयसेलला राहणारे आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले. मातीशी आमचा संबंध बाल्कनीतल्या कढीपत्त्यापुरता. पण यंदाचा निधी विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांसाठी आहे म्हटल्यावर यवतमाळकडच्या काकांचं वाक्य आठवलं, "औषध फवारलं, खाली पडलं ते मातीनं पिऊन टाकलं. विषय संपला." खरंच संपतो का?

उत्तराची सुरुवात आमच्या नदीकाठीच होते. हॉलंडसे आयसेल नदीवर, कापेलच्या थोडं वर खाउडेराक नावाचं गाव आहे. तिथे कीटकनाशक कारखान्याचा कचरा पुरलेल्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. १९८०च्या दशकात आल्ड्रिन, डायल्ड्रिन ही विषं जमिनीत असल्याचं उघडकीला आलं आणि घरं पाडावी लागली. इतक्या वर्षांत ती वाहून कशी गेली नाहीत? कारण ती पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याला, म्हणजे सेंद्रिय द्रव्याला, घट्ट चिकटून बसतात आणि जिवाणूंनाही सहज पचत नाहीत. मातीनं धरून ठेवलं, संपवलं नाही.

उलट मोनोक्रोटोफॉस घ्या. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही. जमिनीत त्याचं विघटन तसं लवकर होतं, पण त्याआधीच जोराचा पाऊस आला तर ते पाण्याबरोबर निघालंच! सायपरमेथ्रिनची तिसरीच तऱ्हा. ते मातीच्या कणाला चिकटून राहतं आणि कण वाहून गेला की त्याच्या पाठीवर बसून नाल्यात उतरतं. थोडक्यात काय, तर दोन गोष्टी बघायच्या: किती चिकटतं आणि किती दिवस टिकतं.

आता आपली काळी माती. तिच्यात चिकणमाती भरपूर, म्हणून बरीच औषधं ती धरून ठेवते. पण पावसानं ओढ दिली की तिला भेगा पडतात. मग पुढच्या पावसाचं पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून थेट खाली जातं. चिकटायला वेळच मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, फायरवॉल उत्तम, पण मागचं दार सताड उघडं!

म्हणून काही साध्या गोष्टी महत्त्वाच्या. आभाळ भरून आलेलं असताना फवारणी नको. धुऱ्यावर गवताचा पट्टा राहू द्यावा, वाहणारी माती तिथे अडते. शेणखत घालावं, त्यानं मातीची धरून ठेवण्याची ताकद वाढते आणि जिवाणूही वाढतात. आणि फवारणीचा पंप विहिरीजवळ किंवा नाल्यावर कधीच धुऊ नये. एकाच जागी इतकं विष ओतलं तर कुठलीच माती पुरी पडत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेलं. मातीतून जाणारं विष असं लगेच दिसत नाही, एवढाच फरक. युरोपात पिण्याच्या लिटरभर पाण्यात एका कीटकनाशकाचा मायक्रोग्रॅमचा दहावा भागच चालतो. इथे नळाचं पाणी आपण निर्धास्त पितो, ते अशा तपासणीच्या भरवशावर. गावाकडच्या विहिरीचं पाणी कोण तपासतं?

तेव्हा मंडळी, निधीला सढळ हातानं मदत कराच. आणि पुढच्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा पाऊसपाण्याबरोबर हेही विचारा, "काका, पंप कुठे धुता?" आम्ही विचारलं. काका जरा थांबले आणि म्हणाले, "विहिरीवर. दुसरीकडे पाणी कुठे आहे?"