तणसाचा गोठा, पतंगी कागदाचा तारा

डिसेंबर लागला की नागपूरच्या सदर-सीताबर्डीत प्लास्टिकची झाडं उभी राहतात. भंडाऱ्याची पोरंपोरी तासा-दीड तासाचा प्रवास करून जातात. झाड, लाइटिंगच्या माळा, सांताची टोपी आणि वरून कापसाचा बर्फ. खिसा रिकामा आणि घर मात्र मॉलच्या शोकेससारखं! वैनगंगेच्या काठी बर्फ कधी पडला होता, हे कुणी विचारत नाही.

या सजावटीतलं आपलं काय, असा प्रश्न पडला असेल तर एक गंमत ऐका. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेजच्या नावातले हिस्लॉप ते हेच. पुढे स्कॉटिश मिशनचं काम भंडाऱ्यापर्यंत पोचलं. पण स्कॉटलंडच्या त्या प्रेस्बिटेरियन चर्चला नाताळाचा थाटमाट फारसा पसंत नव्हता. तिथे २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टीसुद्धा १९५८ मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत दिसणारी रांगोळी, दारावरचं झेंडूचं तोरण, डब्यातल्या करंज्या-शंकरपाळे हे काही साहेबांनी बोटीतून आणलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, हे सगळं दिवाळीच्या फडताळातून आलंय. तारासुद्धा आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच.

तर मग यंदा तारा घरीच करायचा. अवघड नाही. बुरडाकडून बांबूच्या दहा सारख्या कामट्या आणा, साधारण दोन-दोन फुटांच्या. पाच कामट्यांची एक पाच टोकांची चांदणी बांधायची, वहीवर पेन न उचलता काढतो ना, तशीच. अशा दोन चांदण्या झाल्या की एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं घट्ट बांधा. आता मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी वीतभर लांबीचे पाच तुकडे दोन्ही चांदण्यांच्या मधोमध अडकवा. चपटा सांगाडा फुगतो आणि तारा एकदम तारा दिसायला लागतो. हा क्षण भारी असतो, व्हिडिओ काढायचा तर तेव्हा काढा. मग कणकेची खळ करून पतंगी कागद चिकटवा. खळीत हात बरबटतात, कागद एक-दोनदा फाटतो, तेवढं चालायचंच. मागची एक बाजू बल्बसाठी उघडी ठेवा आणि आत एलईडीच लावा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद पेटू शकतो.

हा तारा कुठे टांगायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १ टक्क्याहूनही कमी. भंडारा, तुमसर, साकोलीसारख्या गावांत अख्ख्या गल्लीत एखादंच घर असतं. दारावरचा तारा म्हणजे त्या घराची ओळखच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींना तर घरमालक काय म्हणेल इथपासून विचार करावा लागतो. मग कुणी तारा खिडकीच्या आतल्या बाजूला लावतं, कुणी नुसती माळ सोडतं आणि विचारलं तर 'दिवाळीची राहिलीय' म्हणतं. मला विचाराल तर तारा बाहेरच हवा, रस्त्यावरून दिसेल असा. पण हे एकट्या त्या घरानं ठरवायचं नसतं. शेजारच्या पोरांनी शिडी धरली, वायर ओढून दिली, की तारा बाहेर टांगणं किती सोपं होतं! तुमच्या ग्रुपमध्ये असं एखादं घर असेल तर २५ तारखेला फॉरवर्ड मेसेज टाकण्यापेक्षा २० तारखेला कामट्या बांधायला जा.

आता गोठा. इथे आपला जिल्हा कुणालाही हरवतो. धानाची कापणी-मळणी नुकतीच आटोपलेली, तणसाचे ढीग जिकडेतिकडे. दुकानात प्लास्टिकचं गवत विकत घेणाऱ्या भंडारेकराला काय म्हणावं! येशूला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवलं, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. बैल आणि गाढव मात्र तिथे कुठेच नाहीत, ते नंतर चित्रांतून आणि देखाव्यांतून आले. इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खराखुरा बैल आणि गाढव आणून देखावा उभा केला, तो प्रसिद्धच आहे. आपल्याकडे बैल शोधायला नको. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावर पडलाय ना? तोच बसवा. चाकं तणसात लपतात.

गोठ्यापुढे हिरवं शेत हवं असेल तर पसरट ताटलीत माती घालून १३-१४ डिसेंबरला गहू पेरा. २४ पर्यंत बोट-दोन बोट उंच येतो. गोव्यात यासाठी नाचणी पेरतात आणि युरोपात क्रोएशियातले लोक १३ डिसेंबरलाच, संत लुसियाच्या दिवशी, गहू पेरतात. एक मात्र सांभाळा. तणस कोरडं असतं, त्यामुळे गोठ्यात मेणबत्ती नाही म्हणजे नाही.

झाडाबद्दल थोडक्यात. नर्सरीतून कुंडीतली मोरपंखी आणा, ती वर्षभर टिकते. काळी कुंडी दिसायला नको असेल तर आजीचा पितळी गुंड चिंचेनं घासून लखलखीत करा आणि कुंडी त्यात ठेवा. पितळेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात एवढी ऐट चालते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो विषय संपला.

राहता राहिला वेळ. हिवाळी परीक्षा नेमकी याच दिवसांत डोक्यावर असते, हे मान्य. म्हणून कामं वाटून घ्या. तारा एका रविवारी होतो, गहू पेरायला दहा मिनिटं लागतात. गोठा २३ ला मांडला तरी चालतो. बाळ येशूची मूर्ती मात्र आधी ठेवायची नाही, ती २४ च्या मध्यरात्री. सजावट ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत राहू द्या. नंतर तारा दोऱ्यासकट माळ्यावर, नंदी परत पोळ्याच्या सामानात, आणि तणस नि गहू गल्लीतल्या गाईपुढे.