उंदराची लाळ आणि बाळाचे कान

बुलढाणा जिल्ह्यांत कपाशी-तुरीच्या बांधावर उंदरांचीं बिळें कोणीं पाहिलीं नाहींत? उंदीर पिकांची नासाडी करतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या लाळेंतील एका विषाणूची हकीकत गृहिणींनीं अवश्य ऐकावी अशी आहे.

१९२६ सालीं कोल व कटनर या संशोधकांनीं गिनीपिगच्या लाळग्रंथींत असा विषाणु असल्याचें दाखविलें. १९५४ सालीं अमेरिकेंत डॉ. मार्गारेट स्मिथ या विदुषीनें उंदराच्या लाळग्रंथींतील विषाणु प्रयोगशाळेंत वाढविला. तो ज्या पेशींत शिरतो त्या फुगतात व त्यांचें केंद्र घुबडाच्या डोळ्यासारखें दिसूं लागतें. यावरूनच या कुळास ‘सायटोमेगॅलोव्हायरस’ हें नांव मिळालें. रानांतल्या उंदरांतहि तो आढळतो. शरीराचे रक्षक त्यास यकृत, प्लीहा इत्यादि ठिकाणांहून हुसकावून लावतात. लाळग्रंथींत मात्र तो दीर्घकाळ ठाण मांडून बसतो आणि लाळेवाटे दुसऱ्या उंदरांत जातो.

उंदराचा हा विषाणु मनुष्यास बाधत नाहीं. परंतु याच कुळांतील आपला एक निराळा विषाणु आहे व त्याची रीतहि तीच. धडधाकट, हसऱ्या मुलाच्या लाळेंतून व लघवींतून तो महिनेन् महिने बाहेर पडत असतो. मोठ्यांस त्याचा फारसा उपद्रव होत नाहीं. पण गर्भवतीकडून तो गर्भास पोंचला, तर कांहीं बालकांची श्रवणशक्ति जन्मतःच अथवा पुढें कांहीं वर्षांत मंदावते. भारतांत बहुतेक स्त्रियांस हा संसर्ग पूर्वींच होऊन गेलेला असतो. तथापि त्यामुळें गर्भ सर्वस्वी निर्धास्त होतो, असें नव्हे.

आपल्या घरांत उष्ट्या-खरकट्याचा विचार फार. पण लेंकराचें उष्टें आई कौतुकानें खाते. दुसऱ्या खेपेस दिवस गेले असतां एवढा एक मोह आवरावा. मुलाचा चमचा व पेला निराळा ठेवावा. लाळ पुसल्यावर अगर दुपटें बदलल्यावर साबणानें हात धुवावे. पापा ओठांचा न घेतां कपाळाचा घ्यावा. बाळ जन्मल्यावर त्याचे कान तपासून घ्यावे आणि पुढेंहि तें हांकेला वळतें कीं नाहीं, इकडे लक्ष असावें. थोरल्यास दूर लोटण्याचें मुळींच कारण नाहीं. त्याला पोटाशीं धरावें, फक्त त्याच्या ताटलींतला घांस त्यालाच संपवूं द्यावा.