विश्लेषण : किनाऱ्यावर स्वतःची जमीन, तरी रिसॉर्ट का बांधता येत नाही?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, शिरोडा, वेंगुर्ले येथे पर्यटकांचा ओघ वाढला आणि निवासाची गरजही वाढली. मात्र किनाऱ्यालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या जागेत चार खोल्या वाढवणेही सोपे नाही. असे का, याचा आढावा.

किनाऱ्यावर कोणता नियम लागू?

सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. ती २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांखाली येते. ग्रामीण किनारा ‘सीआरझेड-३’ या वर्गात मोडतो. त्यात भरतीरेषेलगतचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ असतो. तेथे हॉटेल वा रिसॉर्टचे नवे बांधकाम सहसा करता येत नाही.

२०० मीटर की ५० मीटर?

२०१९च्या अधिसूचनेने ना विकास क्षेत्र ५० मीटरवर आणले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ही सवलत दाट वस्तीच्या गावांनाच आहे. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता प्रति चौरस किलोमीटर २,१६१ पेक्षा जास्त असेल, तरच ५० मीटरची मर्यादा लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे, तर रत्नागिरीची १९७. त्यामुळे दक्षिण कोकणातील बहुतांश किनारी गावांसाठी मर्यादा २०० मीटरच राहते.

देवबागचे उदाहरण बोलके आहे. हे गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. समुद्राकडून २०० मीटर मोजल्यावर खाडीकडूनही अंतर सोडावे लागते. खाडीसाठी ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. मग बांधकामासाठी मोकळी जागा फारच थोडी उरते.

रिसॉर्टसाठी किती जमीन लागते?

ना विकास क्षेत्राच्या बाहेर, ठरवून दिलेल्या भागात रिसॉर्टला पूर्वपरवानगीने मुभा आहे. त्यासाठी भूखंड किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे ४० गुंठे हवा. सर्व मजले मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. उंची ९ मीटरपर्यंत आणि तळमजल्यावर एकच मजला. दोन रिसॉर्टमध्ये किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद वाट सोडावी लागते. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांसाठी ही वाट महत्त्वाची आहे.

खरी अडचण ४० गुंठ्यांची आहे. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि एका सातबाऱ्यावर अनेक सामायिक खातेदारांची नावे असतात. त्यातले काही मुंबईत, काहींची वारसनोंदच झालेली नाही. दहा-पंधरा गुंठ्यांच्या मालकाला रिसॉर्टसाठी अर्जच करता येत नाही. शेजारच्या चार-पाच जमिनी विकत घेऊन एकत्र करणारा बाहेरचा गुंतवणूकदार मात्र या अटीत बसतो. पर्यावरणासाठी घातलेली अट अशा रीतीने जमीन हस्तांतराला हातभार लावते.

होमस्टेची वाट मोकळी आहे का?

काही प्रमाणात. २०१९च्या अधिसूचनेनुसार मच्छीमारांसह स्थानिकांना असलेल्या घरात होमस्टे चालवता येतो. जोत्याचे क्षेत्रफळ, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही, ही अट आहे. मागच्या अंगणात दोन खोल्या वाढवल्या की ही सवलत संपते आणि बांधकाम अनधिकृत ठरू शकते.

पाण्याचा मुद्दा काय?

वाळूच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर येते आणि विहीर मचूळ होते. म्हणून रिसॉर्टना भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई आहे. शोषखड्डा आणि विहीर जवळजवळ असतील तर वाळूतून सांडपाणीही झिरपते. खोल्यांची संख्या ठरवताना गावाकडे पाणी किती, हा हिशेब आधी व्हायला हवा.

शासकीय जमिनीचे काय?

गायरान जमीन सहज देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर राज्यानेही त्याच वर्षी निर्बंध घातले. दुसरीकडे, शिरोडा-वेळागर येथे १९९०च्या दशकात पर्यटनासाठी जमीन संपादित झाली. तेथील पंचतारांकित प्रकल्पाला २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखवला. स्थानिकांची घरे आणि वहिवाटीची जमीन वगळण्याची मागणी या काळात सतत होत राहिली.

मालकाने आधी काय तपासावे?

सातबाऱ्यावरील नावे, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशात आपल्या सर्व्हे नंबरची जागा आणि भरतीरेषेपासूनचे अंतर. घर कोणत्या पट्ट्यात येते, यावर परवानगी ठरते. सरकारच्या बाजूने सामायिक जमिनींची वारसनोंद आणि मोजणी वेगाने झाली, लहान मालकांना एकत्र येऊन अर्ज करण्याची सोपी पद्धत मिळाली, तर जमीन न विकताही पर्यटनाचे उत्पन्न गावात राहू शकेल.