पाथरीचे कुलकर्णीपण

एका सुलतानाने शेजारच्या सुलतानाकडे पाथरी मागितली, का तर तिथले कुलकर्णीपण मूळ आपल्या घराण्याचे! परभणी जिल्ह्यातल्या पाथरीची ही हकिकत फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने नोंदवली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. त्यांतला तिमाप्पा बहमनी फौजेच्या हाती लागला, फारसी शिकला आणि मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात मोठ्या पदाला पोहोचला. त्याचा मुलगा अहमद याने अहमदनगरची गादी उभारली. नातू बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशहाला पाथरीच्या बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो नाकारला जाताच १५१८ मध्ये पाथरी जिंकून घेतली.

सुलतानालाही मोह पडावा असे या वतनात होते तरी काय? गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, कोणाचा हक्क काय, हे त्याच्या लेखणीवर ठरे. वतनाच्या महजरांवर, म्हणजे निवाडापत्रांवर, पाटलाची निशाणी नांगर, तर कुलकर्ण्याची दौत-लेखणी.

दप्तर लिहिण्याची ही विद्या सोपी नव्हती. मोडी लिपी लिहिताना बोरूने आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. शिवाय जमाखर्च, जमिनीची मोजणी आणि दरबारी फारसी शब्द अंगवळणी पडलेले हवेत. त्याच काळात युरोपात वकील आणि वैद्य विद्यापीठांतून पदव्या घेऊन निघत होते. आपल्याकडे मुलगा बापाच्या शेजारी बसून हे सारे शिके.

खोट होती ती इथेच. विद्या वतनात अडकली आणि वतन जन्मात. ज्याची जमीन त्या दप्तरात लिहिली होती, त्या कुणब्याला ते वाचता येत नव्हते. त्यातून होणारी नागवणूक महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये परखडपणे मांडली.

स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतने गेली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. हे योग्यच झाले. पण शेतांच्या हद्दी, पाण्याचे वाटे, जुने निवाडे आजही मोडी कागदांत पडून आहेत. मोडी शिकायला आता वतन लागत नाही. तेव्हा ज्यांना ते दप्तर कधी वाचू दिले नाही, त्यांच्या नातवंडांनी आता ते उघडावे आणि आपल्या गावचा इतिहास स्वतः वाचावा.