आठ हातांत आठ मोगऱ्या

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढायला सारा गाव, पण रथ वळतो नि थांबतो तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांच्या जोरावर. आता समजा, आठ जणांकडे मोगरी आहे आणि कुणाही एकाने ती लावली की रथ जागीच! सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचं नेमकं हेच होतं. सनदेचं दहावं कलम म्हणतं, प्रत्येक निर्णय एकमताने. शिवाय दोन देशांमधले वाद चर्चेला घ्यायचेच नाहीत.

सार्कचा जन्म 8 डिसेंबर 1985चा, ढाक्यातला. तेव्हा देश सात. 2007 मध्ये अफगाणिस्तान आठवा. राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून एकदा भेटावं, असं सनदेतच लिहिलंय. 2014 पर्यंत परिषदा झाल्या 18. त्यानंतर? एकही नाही! 2016ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली.

आकाशात मात्र वाट निघाली. भारताने जाहीर केलेल्या ‘सार्क उपग्रहा’तून पाकिस्तान बाहेर पडला, तेव्हा नाव बदलून ‘दक्षिण आशिया उपग्रह’ 5 मे 2017ला झेपावलाच.

दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम 5 टक्के, आग्नेय आशियाच्या आसियानमध्ये सुमारे 25. गंमत म्हणजे एकमताची अट आसियानलाही आहे! पण तिथे भांडणं असली तरी भेटी चुकत नाहीत. 1967 मध्ये पाच देशांनी मांडलेल्या या घरात ऑक्टोबर 2025 मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा आला.

आफ्रिकेची अडचण पैशाची. आफ्रिकी महासंघाचं अदिस अबाबातलं आलिशान मुख्यालय 2012 मध्ये चीनने बांधून दिलं. शिवाय एकीचीही: पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास संघटनेतून जानेवारी 2025 मध्ये माली, नायजर आणि बुर्किना फासो बाहेर पडले.

लांब कशाला, आपली तापी घ्या. उगम मध्य प्रदेशात मुलताईला, मग खान्देश, पुढे गुजरात. पाणीवाटपासाठी मध्य प्रदेश-महाराष्ट्र आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. त्याची 28वी बैठक 10 मे 2025ला भोपाळला झाली, तीही तब्बल 25 वर्षांनी! इथे ना सरहद्द, ना युद्ध, तरी एवढा खंड. माझ्या मते भांडणापेक्षा न झालेली बैठक जास्त नुकसान करते. कारण त्या एकाच दिवशी तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. 31.13 टीएमसी पाण्याची योजना, त्यात महाराष्ट्राचा वाटा 19.36 टीएमसी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खोल खोल गेलेलं भूजल भरून काढायचं, ते याच पाण्याने.