डॉक्टर रिचर्ड ब्राइट आणि मूत्रपिंडाचा रोग

ज्यांनीं एखादें नवें औषध शोधून काढलें त्यांचीं नांवें आपल्या तोंडीं सहज येतात. परंतु ज्यांस रोग बरा करतां आला नाहीं, पण तो शरीरांत कोठें दडला आहे हें ज्यांनीं निश्चित दाखवून दिलें, त्यांचें आपल्यावरील ऋण मोठें कीं लहान? हा प्रश्न मनांत ठेवून आम्ही आज लंडन येथील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांची ओळख वाचकांस करून देत आहों.

प्रथम मूत्रपिंडांचें कार्य थोडक्यांत पाहूं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत. दिवसभरांत रक्तांतील सुमारें १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. त्याचा बहुतेक भाग रक्तांत परत घेतला जातो, आणि दीड लिटरच्या आसपास काय तो मूत्ररूपानें बाहेर पडतो. युरियासारखीं टाकाऊ द्रव्यें ह्या वाटेनें निघून जातात. रक्तांतील प्रथिनें मात्र निरोगी गाळणींतून जवळजवळ सुटतच नाहींत. धान्य चाळतांना माती खालीं पडते व दाणे चाळणींत राहतात, तसाच हा प्रकार होय. चाळणी फाटली म्हणजे दाणेहि निसटूं लागतात.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरीं झाला. एडिंबरो येथें शिकत असतां १८१० सालीं ते सर जॉर्ज मॅकेंझी यांच्याबरोबर आइसलंडास गेले, आणि त्या प्रवासाच्या ग्रंथांत तेथील वनस्पति व प्राणी यांविषयींचा भाग त्यांनीं लिहिला. १८१३ सालीं एडिंबरो येथें एम्. डी. ची पदवी मिळाल्यावर त्यांनीं युरोपांत प्रवास केला; हंगेरीवर एक पुस्तक लिहिलें व त्यासाठीं चित्रेंहि स्वतः काढलीं. जें दिसेल तें नीट पाहावें आणि जसें दिसलें तसें नोंदून ठेवावें, ही संवय त्यांस तेव्हांच जडली. पुढें लंडनच्या ज्वर-रुग्णालयांत काम करीत असतां त्यांस स्वतःलाच ज्वरानें गांठलें व ते मरणाच्या दारांतून परत आले. तरीहि तो मार्ग त्यांनीं सोडला नाहीं. १८२० सालीं ते गाईज रुग्णालयांत साहाय्यक वैद्य झाले व १८२४ सालीं पूर्ण वैद्य.

त्या काळीं ज्यांचें सर्वांग सुजलें आहे असे पुष्कळ रोगी रुग्णालयांत येत. सूज हाच रोग, असें सामान्यतः मानीत. कांहीं रोग्यांच्या मूत्रांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पदार्थ असतो, हें वेल्स व ब्लॅकॉल ह्या वैद्यांनीं ब्राइट यांच्या पूर्वींच पाहिलें होतें. परंतु त्याचा उगम त्यांस उमगला नव्हता. ब्राइट यांची परीक्षा अगदीं साधी होती. चमच्यांत थोडें मूत्र घेऊन तें मेणबत्तीवर तापवावयाचें. उकडतांना अंड्याचा बलक थिजतो त्याप्रमाणें त्यांत पांढरा सांका धरला, तर प्रथिन आहे असें समजावयाचें. ते येथेंच थांबले नाहींत. असा रोगी दगावला म्हणजे ते शवविच्छेदन करून मूत्रपिंडें तपासीत, आणि पुनःपुन्हा तीं खडबडीत, कठीण अथवा विकृत झालेलीं त्यांस आढळत. ह्या कामीं रसायनशास्त्रज्ञ जॉन बॉस्टॉक यांचें त्यांस मोठें साहाय्य झालें. रोगशय्येजवळील लक्षण, चमच्यांतील सांका आणि मृत्यूनंतरची विकृति हीं तीन्ही त्यांनीं एका सूत्रांत ओंवलीं. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग, सुंदर रंगीत चित्रांसह, १८२७ सालीं प्रसिद्ध झाला. १८३६ सालीं त्यांनीं अशा शंभर रोग्यांचा तक्ता छापला. पुढें ह्या विकारास "ब्राइटचा रोग" असें नांव पडलें. आज त्या एका नांवाखालीं अनेक भिन्न रोग होते असें कळल्यामुळें तें नांव मागें पडलें आहे.

शिक्षक ह्या नात्यानेंहि त्यांची योग्यता मोठी होती. गाईज रुग्णालयाच्या वैद्यकशाळेंत त्यांनीं अनेक वर्षें व्याख्यानें दिलीं, व सहकारी थॉमस ॲडिसन यांच्यासह वैद्यकावर एक पाठ्यपुस्तक लिहिण्यास घेतलें. तें १८३९ सालीं बाहेर पडलें. १८४२ सालीं रुग्णालयानें ४२ खाटांचे दोन कक्ष केवळ मूत्रपिंडाच्या रोग्यांकरितां राखून दिले. त्यांस जोडूनच एक लहान प्रयोगशाळा होती. बार्लो व रीस हे तरुण वैद्य तेथें त्यांच्या हाताखालीं झटले. रोगी, प्रयोगशाळा व शिकणारा यांस एका छपराखालीं आणण्याची ही पद्धति त्या काळीं अपूर्वच होती.

एवढें असूनहि ब्राइट यांच्या हातांत खरा उपाय नव्हता. रक्त काढणें व रेचकें देणें हेच त्या वेळचे उपचार, आणि त्यांनीं रोग हटत नसे. डोळ्यांदेखत रोगी मरत असतां ते नोंदी करीतच राहिले. १६ डिसेंबर १८५८ रोजीं हृदयरोगानें त्यांचा अंत झाला.

परंतु त्या नोंदी व्यर्थ गेल्या नाहींत. ह्या रोग्यांचें हृदय पुष्कळदां मोठें झालेलें असतें असें ब्राइट यांनीं लिहून ठेवलें होतें. पुढें त्याच रुग्णालयांतील फ्रेडरिक महोमेद यांनीं, मूत्रांत प्रथिन दिसण्यापूर्वींच कित्येकांच्या रक्ताचा दाब वाढलेला असतो, असें दाखविलें. ह्या तरुण डॉक्टरांचे आजोबा दीन महोमेद हे मूळचे आपल्या पाटण्याचे होत. नंतर हॉलंडांत विलेम कोल्फ यांनीं रक्त शुद्ध करणारें यंत्र १८४३ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९४३ सालीं, रोग्यांवर चालविलें. १९४५ सालीं त्या यंत्रानें प्रथमच एका स्त्रीचे प्राण वांचले. १९५४ सालीं बोस्टन येथें जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वी रीतीनें बसविलें.

आज मधुमेह व रक्ताचा वाढलेला दाब हीं ह्या विकाराचीं मुख्य कारणें आहेत. मूत्रपिंड पुष्कळ दिवस मुकाट्यानें सोसतें. सूज येईपर्यंत बरेंच नुकसान झालेलें असतें. म्हणून ज्यांस हे विकार आहेत अशा पालकांनीं "मला कांहीं होत नाहीं" असें म्हणून मूत्राची परीक्षा टाळूं नये. ती आजहि स्वल्प खर्चाची व थोड्या वेळाची आहे.

विद्यार्थिमित्रहो, आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां तुम्हीच द्या. रोगाचें स्थान ठाऊक नसतें तर यंत्र कशासाठीं केलें असतें? बी पेरणाऱ्यास पीक दिसलेंच पाहिजे असें नाहीं; पण त्यानें पेरलें नसतें तर कापणी कोणाच्याच नशिबीं आली नसती.